निवडुंग नेमका कोणता? कुंडीतल्या दुखण्यांमागचा इतिहास

निवडुंग बुंध्याशी मऊ पडला किंवा त्यावर पांढरा कापूस दिसू लागला की उपाय लगेच विचारला जातो. तो कोणत्या कुळातला, हे पाहायचे मात्र बहुधा राहून जाते. हा घोळ जुना आहे. आपल्याकडे कडेकपारीत पूर्वापार वाढणारा तिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातला. पुढे युरोपीय जहाजांच्या वाटेने अमेरिकेतला फड्या आला, आणि काटे व मांसल खोड पाहून लोकांनी त्यालाही निवडुंगच म्हटले. खरा कॅक्टस हा दुसरा. एका जातीचा अपवाद सोडला तर हे सारे कूळ मूळचे अमेरिकेचे.

नावातला हा फरक केवळ अभ्यासकांपुरता नाही. तिधारीला जरा खरचटले तरी पांढरा चीक वाहतो, तो डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, आणि छाट घेतल्यावर चीक थांबेपर्यंत ती पाण्याने धुवावी लागते. कॅक्टसला असा चीक बहुधा नसतो. त्याचे काटे बारीक लोकर असलेल्या ठिपक्यांतून फुटतात आणि छाट न धुता सावलीत सुकवायची असते. दोघांना एकच उपचार सांगणारा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

चुकीच्या ओळखीची मोठी किंमत इतिहासात एकदा मोजली गेली आहे. फड्यावर पोसून किरमिजी रंग देणारा किडा हवा म्हणून 1795 साली ब्राझीलहून कोलकात्याला किडे आणले गेले. ते मौल्यवान रंगाच्या जातीचे आहेत असा समज होता. प्रत्यक्षात ती दुसरीच जात निघाली. रंगाचा धंदा उभा राहिला नाही, मात्र त्या किड्यांनी उत्तर भारतात फड्याच्या एका जातीचा मोठ्या प्रमाणावर फडशा पाडला. फड्याची दुसरी एक जात दक्षिणेत माजली होती आणि तिला या किड्याने तोंडही लावले नाही, म्हणून 1926 मध्ये श्रीलंकेतून किड्याची निराळी जात मुद्दाम आणून सोडण्यात आली. हा निर्णय तणनियंत्रणाचे यश म्हणून सांगितला जातो, आणि शेतजमिनी मोकळ्या झाल्या हे खरेच. पण परका किडा कायमचा सोडण्याची जोखीम त्या यशाच्या हिशेबात क्वचितच धरली जाते.

फड्यावरचा पांढरा पुंजका त्यामुळे जपून तपासावा. कागदावर ठेचला आणि गडद किरमिजी डाग उमटला, तर तो हाच रंगाचा किडा असण्याची शक्यता मोठी. तसा डाग नसेल तर बहुधा पिठ्या ढेकूण. पिठ्या ढेकूण मुळांवरही बसतो, म्हणून खोड स्वच्छ दिसत असूनही वाढ खुंटली असेल तर कुंडी उपडी करून मुळे पाहावीत.

अलीकडच्या काळात कुंड्यांबरोबर सल्लेही बाहेरूनच आले. थंडीत पाणी बंद आणि उन्हाळ्यात भरपूर, हे वेळापत्रक काळोख्या, गोठवणाऱ्या हिवाळ्याच्या देशांतले आहे. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात स्वच्छ ऊन असते. इथे निवडुंग दगावतो तो मुख्यतः पावसाळ्यात, काळ्या मातीत किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये दिवसेंदिवस ओला राहून. कूज वर चढली असेल, तर आतले तांबूस वलय पूर्ण नाहीसे होईपर्यंत खोड कापत जावे आणि उरलेला शेंडा आठ-पंधरा दिवस सुकवून जाड वाळू व विटांचा चुरा घातलेल्या कोरड्या मिश्रणात लावावा. बुंध्यावरची कडक, तपकिरी साल ही कूज नव्हे. ती वयाची खूण आहे.

बाजारात हल्ली सर्वाधिक दिसणारा लाल गोळ्याचा कॅक्टस जपानमध्ये विसाव्या शतकात पुढे आला. तो गोळा ड्रॅगन फ्रूटच्या जातीतल्या तीन धारांच्या हिरव्या खोडावर कलम केलेला असतो, आणि त्या धारा पाहून पुष्कळ जण त्याला तिधारीच समजतात. त्याचे दुखणे बहुधा खालच्या खोडात असते. लाल गोळ्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तो स्वतःच्या मुळांवर जगत नाही. खोड सडू लागले की गोळा घट्ट असेतोवरच तो नव्या खोडावर चढवावा लागतो.