घरे दाटीने, शिवार मोकळे

शेताशेजारी पर्यावरणपूरक वसाहत उभारायची म्हटली की सौर पॅनेल, मातीच्या भिंती आणि पावसाच्या पाण्याच्या टाक्या यांचीच चर्चा आधी होते. परंतु अशा वसाहतीचे भवितव्य त्यापूर्वीच, घरे जमिनीच्या कोणत्या भागावर आणि किती जागेत बांधायची या निर्णयात, बरेचसे ठरून गेलेले असते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात इथाका शहरालगत असलेले ‘इकोव्हिलेज’ हे याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. १९९१ मध्ये या प्रकल्पाची कल्पना मांडली गेली आणि त्यासाठी १७५ एकर जमीन घेण्यात आली. त्याच जमिनीवर पूर्वी एका विकासकाने एकेक एकराचे भूखंड पाडून जवळजवळ सगळी जागा व्यापणारी योजना आखली होती. इकोव्हिलेजच्या संस्थापकांनी ते प्रमाण उलटे केले आणि सुमारे ९० टक्के जमीन शेती, कुरणे व रान यांसाठी मोकळी ठेवण्याचे ठरवले.

हे साधले ते सहनिवासाच्या रचनेमुळे. १९७०च्या दशकात डेन्मार्कमध्ये रुजलेल्या या पद्धतीत प्रत्येक कुटुंबाला स्वयंपाकघरासह स्वतंत्र पण आटोपशीर घर असते, तर मोठे भोजनगृह, पाहुण्यांच्या खोल्या आणि कपडे धुण्याची यंत्रे सामायिक घरात असतात. पाहुण्यांसाठी वर्षभर रिकामी राहणारी खोली प्रत्येकाने बांधायची गरज उरत नाही, आणि मोटारी वसाहतीच्या कडेला उभ्या केल्यामुळे आतले रुंद रस्तेही वाचतात.

इकोव्हिलेजच्या पहिल्या टप्प्यातील ३० घरे जोडघरे आहेत. त्यामागचे भूमितीचे गणित सोपे आहे. घनाकृती घराला तळ धरून सहा बाजू असतात. अशी दोन घरे चिकटवली की उघड्या बाजू बारावरून दहावर येतात, आणि आठ घरांची सलग ओळ केली तर अठ्ठेचाळीसवरून चौतीसवर. उष्णता उघड्या पृष्ठभागातूनच बाहेर पडत असल्याने कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात ही बचत दरवर्षीच्या इंधनात दिसते. इथाका ४२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २४ अंश वर येतो, तर जूनमध्ये ७१ अंश. दक्षिणेकडील खिडकीच्या माथ्यावर ६० सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर जूनमधील भर दुपारी त्याची सावली सुमारे पावणेदोन मीटर खाली उतरते, डिसेंबरमध्ये मात्र केवळ २७ सेंटिमीटर. म्हणजे उन्हाळ्यात ऊन बाहेर राहते आणि हिवाळ्यात खोलीत येते, तेही कोणत्याही यंत्राशिवाय.

वाचलेली जमीन शेती म्हणून टिकायची तर शेतकऱ्याचे पोट त्यावर भरले पाहिजे. येथील ‘वेस्ट हेवन फार्म’ या सुमारे दहा एकरांच्या सेंद्रिय शेताने त्यासाठी सभासदत्वाची पद्धत स्वीकारली. सभासद हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे भरतात आणि पुढे दर आठवड्याला भाजीपाल्याचा वाटा घेतात. त्यामुळे बियाणे आणि मजुरीसाठी पैसा हवा असतो तेव्हाच तो हातात येतो, आणि अवकाळी पाऊस किंवा कीड यांचा फटका एकट्या शेतकऱ्यावर बसत नाही. केवळ वसाहतीच्या भरवशावर राहिल्यास गिऱ्हाईक अपुरे पडेल, म्हणून शहरातील कुटुंबेही सभासद असणे मला अत्यावश्यक वाटते.

चालू शेत म्हटले की पहाटेचा ट्रॅक्टर, धूळ आणि शेणखताचा वास आलाच. तो सोसण्याची तयारी हवी, पण आखणीनेही बरेच काही साधते. वाऱ्याच्या दिशेला आडवी लावलेली झाडांची दाट रांग आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते आणि धूळही अडवते. कंपोस्टचे कामही मोघमपणे उरकता येत नाही. शेण मिसळलेल्या कंपोस्टचा उघडा ढीग किमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहावा आणि त्या काळात पाच वेळा उलटावा, असा अमेरिकेच्या सेंद्रिय मानकांचा नियम आहे. रोगजंतू आणि तणांचे बी त्या उष्णतेत मरते.

घरे एकमेकांना खेटून आणि शिवार भोवताली मोकळे ही मांडणी आपल्या गावठाणांना नवी नाही. पुण्या-नाशिकच्या आसपास पिकाऊ जमीन बिगरशेती होऊन गुंठ्या-गुंठ्याने विकली जात असताना या मांडणीचे मोल अधिकच जाणवते. इथाकाकरांनी केवळ सदिच्छेवर विसंबून न राहता ५५ एकर जमिनीवर संवर्धनाचा कायमस्वरूपी कायदेशीर करार केला, ज्यामुळे पुढच्या पिढीतील मालकांनाही तेथे बांधकाम करता येणार नाही.

एक प्रश्न मात्र उत्तम आखणीनेही पूर्ण सुटत नाही. ही वसाहत शहराच्या मध्यापासून काही किलोमीटर दूर, टेकडीवर आहे, त्यामुळे नोकरी आणि शाळेसाठी रहिवाशांना मोटारीचा आधार घ्यावा लागतो, आणि इंधनात वाचलेले काही अंशी तेथे खर्ची पडते. म्हणूनच अशा वसाहतीसाठी जमीन पाहताना मातीचा कस आणि उताराची दिशा यांच्याबरोबरच बस कोठवर येते, हेही त्याच दिवशी पाहिले पाहिजे.