जुनी फोर व्हील जीप खासगीत विकताना: नाव बदलण्याचे अर्ज कुठे अडतात

गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्री टाकून जपलेल्या महिंद्राच्या जीपना खानदेशात आजही गिऱ्हाईक मिळते, आणि नाशिक-पुण्याकडचे हौशी लोक तर फारशी घासाघीसही करीत नाहीत. व्यवहार अडतो तो आरटीओच्या खिडकीवर. पत्र्याला गंज नाही आणि फोर व्हीलचा गिअर अलगद पडतो, याचे तिथे कोणाला कौतुक नसते. म्हणून जाहिरात देण्याआधी आरसी बुक काढून पुढील गोष्टी ताडून पाहाव्यात.

आधी नोंदणीची मुदत पाहावी. खासगी वाहनाची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते व पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते झालेले नसेल तर नाव बदलत नाही. 20 वर्षांवरील हलक्या मोटारीसाठी ऑगस्ट 2025 पासून हे शुल्क 10,000 रुपये आहे, उशिराच्या प्रत्येक महिन्याला 500 रुपये जादा आणि पर्यावरण कर वेगळा. हा खर्च कोणी करायचा हे भाव ठरतानाच बोलून घ्यावे.

'विंटेज' म्हणून नोंदवा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचेच असलेली गाडीच विंटेज ठरते. त्यामुळे 1985 नंतरची महिंद्राची एमएम 540 जीप कितीही देखणी असली तरी त्यात बसत नाही. शिवाय ही नवी नोंदणी 20,000 रुपयांची, 10 वर्षांपुरती, आणि गाडी रोज वापरता येत नाही. मळ्यात फिरवायला जीप घेणाऱ्याच्या गळ्यात असा नंबर मारू नये.

सर्वांत जास्त अर्ज इंजिनावर परत येतात. पेट्रोल परवडेना म्हणून अनेक जीपना पुढे डिझेल इंजिन बसवले गेले, पुस्तकात मात्र जुनाच इंजिन नंबर आणि 'पेट्रोल' राहिले. हा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली नोंदवून घ्यावा लागतो, आणि तेव्हा बसवलेल्या इंजिनाचे बिल मागितले जाते, जे भंगार बाजारातून आणलेल्या इंजिनाचे कोणाकडेच नसते. गिऱ्हाईक आणण्यापूर्वी मोटार वाहन निरीक्षकाला भेटून हे मिटवावे. चेसिस नंबरवर रंगाचे थर असतील तर रॉकेलच्या बोळ्याने पुसून पेन्सिलने छाप घ्यावा. ग्राइंडर लावला की नंबर संशयास्पद दिसू लागतो.

तीन अक्षरांनी सुरू होणारा जुना नंबर गाड्यांच्या नोंदींच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर बहुधा सापडत नाही. नोंद नाही म्हणून उच्च सुरक्षा नंबर प्लेट मिळत नाही आणि प्लेट नाही म्हणून हस्तांतर होत नाही, असा हा फेरा आहे, आणि त्यात अर्जदाराला का फिरवावे याचे उत्तर कोणी देत नाही. मूळ पुस्तक घेऊन, ज्या कार्यालयात पहिली नोंदणी झाली तिथे बॅकलॉग नोंदीचा, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवण्याचा, लेखी अर्ज करावा. नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या गाड्यांचे दप्तर धुळ्यालाच विचारावे.

मालक हयात नसेल तर सातबाऱ्यावर वारस लागले म्हणजे जीपही नावावर आली, हा समज सोडावा. त्यासाठी नमुना 31, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांचे संमतीचे प्रतिज्ञापत्र लागते. मुदत मृत्यूपासून 3 महिन्यांची आहे. पुस्तकावर बँकेचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटले एवढे पुरत नाही, नमुना 35 वर बँकेची सही हवी. बँक विलीन झाली असल्यास, उदाहरणार्थ 2019 मध्ये देना बँक बँक ऑफ बडोद्यात गेली, नव्या बँकेकडे जावे. पूर्वी काळी-पिवळी म्हणून चाललेल्या जीपचा परवाना रद्द करून ती आधी खासगी करून घ्यावी लागते.

एवढे झाले की उरते ते सोपे: हस्तांतराचे टीटी फॉर्म म्हणजे नमुना 29 व 30, चालू विमा, पीयूसी, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे आणि शुल्क. गिऱ्हाईक बऱ्हाणपूर, सेंधवा किंवा सोनगढकडचे असेल तर नमुना 28 वर ना-हरकत दाखलाही घ्यावा.

राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याची आरटीओला कळवण्याची 14 दिवसांची मुदत हस्तांतरापासून मोजली जाते. पैशांचा शेवटचा हप्ता येईपर्यंत थांबणाऱ्यांची ती हातची जाते. घेणाऱ्याला 30 दिवस असतात, म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होण्याची रीत पडली आहे, पण ती फार धोक्याची आहे. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे गाडी दिल्यानंतर अपघात झाला तरी भरपाईची नोटीस जुन्या मालकाच्या दारात येऊ शकते. ताबा देताना तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सह्यांची पावती करावी, आणि नमुना 29 ची पोच घेऊन तिची प्रत घरी ठेवावी.