सनसेट स्ट्रिपच्या रात्रींचा हिशेब

जानेवारी २०१४ मध्ये मॉटली क्रू या लॉस अँजेलिसच्या रॉक बँडमधल्या चौघांनी पत्रकारांना बोलावून, वकील शेजारी बसवून एका करारावर सह्या केल्या. २०१५ संपलं की या नावानं पुन्हा दौरा काढायचा नाही, असा तो करार होता. निवृत्त होऊन परत येणारे गायक-वादक लोकांनी इतके पाहिले होते की नुसत्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता. ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री लॉस अँजेलिसमध्ये त्यांनी शेवटचा कार्यक्रम केलाही. मग मार्च २०१९ मध्ये त्यांच्या आत्मचरित्रावरचा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. आईबापांच्या कॅसेटींवरच हे नाव वाचलेली पोरं गाणी शोधू लागली आणि नोव्हेंबरात बँडनं तो करार स्फोटानं उडवून दिल्याचा व्हिडिओ काढला. डेफ लेपर्ड, पॉयझन आणि जोन जेट यांच्या जोडीनं ठरलेला त्यांचा स्टेडियम दौरा कोविडमुळे दोनदा पुढं गेला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मोठमोठ्या मैदानांवर पार पडला.

तिकिटं काढून आलेले लोक ज्या रात्रींची आठवण काढतात, त्या रात्री प्रत्यक्षात दोन-अडीच किलोमीटरच्या एका रस्त्यावर घडल्या. हॉलिवूड आणि बेव्हर्ली हिल्स यांच्या मधला सनसेट बुलेवार्डचा हा तुकडा, म्हणजे सनसेट स्ट्रिप. इथंच का, याचं उत्तर संगीतात नाही, नकाशात आहे. १९८४ च्या नोव्हेंबरात वेस्ट हॉलिवूड हे स्वतंत्र शहर होईपर्यंत हा भाग लॉस अँजेलिस शहराच्या हद्दीत नव्हता. शहर पोलिसांचा धाक इथं चालत नसे. कारभार काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफकडे. त्यामुळे दारूबंदीच्या काळापासून जुगार, मद्य आणि नाचगाणं यांना हा रस्ता सोयीचा पडला. चाळीसच्या दशकात सिनेतारे इथल्या नाइटक्लबांत येत. पुढं लास व्हेगासनं ते गिऱ्हाईक ओढलं आणि रस्ता ओस पडू लागला.

ती पोकळी रॉकनं भरली. १९६४ मध्ये एल्मर व्हॅलेंटाइन या शिकागोच्या माजी पोलिसानं भागीदारीत जुन्या बँकेच्या इमारतीत ‘व्हिस्की अ गो गो’ सुरू केलं. १९६६ मध्ये डोअर्स हा बँड इथं रोजच्या बोलीवर वाजवत. त्याच वर्षी नोव्हेंबरात अठराखालच्या मुलांना रात्री दहानंतर रस्त्यावर बंदी, या नियमावरून पोरं आणि पोलीस यांच्यात धुमश्चक्री झाली. बारा वर्षांच्या आत जवळच रॉक्सी हा क्लब आणि रेनबो बार अँड ग्रिल आले. रेनबोच्या जागी पूर्वी इटालियन पद्धतीचं हॉटेल होतं आणि मेरिलिन मन्रो आणि जो डिमॅजिओ यांची पहिली भेट तिथंच झाली, असं सांगतात. सत्तरच्या दशकात गझारीज या क्लबात पॅसाडीनाहून आलेली व्हॅन हेलन ही पोरं वाजवायची. १९७८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि दिवाणखान्यात गिटार घेऊन बसलेल्या देशभरातल्या मुलांना लॉस अँजेलिसचा पत्ता मिळाला.

थोडक्यात, ऐंशीच्या दशकाला रस्ता, क्लब आणि बदनामी हे तिन्ही आयतं मिळालं. नवं जे आलं, ते टीव्हीतून. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं. चोवीस तास गाणी दाखवायची तर दिसायला भडक असं काहीतरी रोज हवं, आणि स्ट्रिपवर ते तयार होतं: हेअरस्प्रेनं उभे केलेले केस, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेल्या चामडी पँटी, बायकी दिसणारे आणि अतिशय मर्दानी वागणारे गायक. नोव्हेंबर १९८३ मध्ये क्वायट रायट या स्थानिक बँडचा अल्बम बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिला आला. हेवी मेटल म्हणवणाऱ्या अल्बमला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. मग रेकॉर्ड कंपन्यांची माणसं रोज रात्री स्ट्रिपवर दिसू लागली. पेनसिल्व्हेनियातल्या गावातून पॉयझन आले, इंडियानातून पुढं गन्स एन’ रोझेसचा गायक झालेला ॲक्सल रोज आला, मिनेसोटातून व्हिक्सन हा मुलींचा बँड आला. गाडी, भाड्याची एखादी खोली, आणि पत्रकं छापायला पैसे, एवढं भांडवल पुरायचं.

पत्रकांचा उल्लेख गमतीनं केलेला नाही. दशकाच्या मध्यावर शुक्रवार-शनिवारी या रस्त्याच्या फुटपाथवर चालणं कठीण व्हायचं, कारण प्रत्येक बँडची पोरं आपापल्या कार्यक्रमाची पत्रकं वाटत उभी असायची आणि मध्यरात्रीनंतर रस्त्यावर त्या कागदांचा थर साचायचा. पॉयझनचं नाव संगीताआधी याच प्रचारानं झालं. वाजवण्याइतकीच मेहनत पोरं जाहिरातीवर करत होती, कारण क्लबांचं गणित बदललं होतं. व्हिस्की १९८२ मध्ये बंद पडलं आणि चार वर्षांनी उघडलं ते जागा भाड्यानं देण्याच्या तत्त्वावर. इतर क्लबांतही हाच रिवाज रुजला. वाजवायचं असेल तर बँडनं आधी तिकिटांचा गठ्ठा विकत घ्यायचा. तो खपवायचा, नाहीतर नुकसान सोसायचं. ‘पे टू प्ले’ असं या पद्धतीचं सरळसरळ नाव होतं. मालकाला रिकाम्या खुर्च्यांची चिंता उरली नाही, जोखीम एकोणीस-वीस वर्षांच्या वादकावर गेली. त्या काळाच्या आठवणींत हा तपशील क्वचित येतो. मला तर तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ज्या पार्टीची आज हळहळ वाटते, तिची वर्गणी वादकांनीच काढली होती. त्यांना जगवायला अनेकदा मैत्रिणींची नोकरी असे. खोलीचं भाडं, किराणा, कधी केसांचा स्प्रेसुद्धा त्यांच्या पगारातून. गाण्यांत मात्र या मुली येतात त्या बहुतेक उपभोगाची वस्तू म्हणून.

या संगीताच्या प्रसिद्धीला विरोधकांनीही हातभार लावला. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांच्या पत्नींनी, त्यात टिपर गोर प्रमुख, आक्षेपार्ह गाण्यांविरुद्ध समिती काढली. १९ सप्टेंबरला सिनेटसमोर सुनावणी झाली. फ्रँक झापा, जॉन डेन्व्हर आणि ट्विस्टेड सिस्टर या बँडचा डी स्नायडर हे तीन गायक साक्षीला उभे राहिले. स्नायडर न्यू यॉर्कचा. बाह्या कापलेल्या डेनिममध्ये, केसांच्या जंजाळासह येऊन तो शांतपणे सांगत होता, आपण दारू, सिगरेट, ड्रग्ज घेत नाही. शेवटी अल्बमांवर पालकांसाठी इशाऱ्याचं लेबल आलं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दुकानात यापेक्षा चांगली शिफारस कोण देणार?

दारू आणि ड्रग्ज यांचा हिशेब मात्र असा हसून सोडता येत नाही. ८ डिसेंबर १९८४ ला मॉटली क्रूचा गायक व्हिन्स नील दारूच्या नशेत गाडी चालवत होता. शेजारी बसलेला हनोई रॉक्स या फिनिश बँडचा ड्रमर रॅझल अपघातात गेला, वय २४. समोरच्या गाडीतले दोघे गंभीर जखमी झाले. शिक्षा झाली तीस दिवसांची, तीही पूर्ण भोगावी लागली नाही. नुकसानभरपाई पंचवीस लाख डॉलरच्या आसपास. हनोई रॉक्स पुढच्या वर्षी फुटला, मॉटली क्रू मोठा होत गेला. २३ डिसेंबर १९८७ ला त्यांच्याच निकी सिक्सचं हृदय हेरॉइनच्या मात्रेनं बंद पडलं आणि इंजेक्शन देऊन ते पुन्हा चालू केलं गेलं. त्यावर गाणं झालं, सिनेमात प्रसंग झाला. सांगण्यासारखी गोष्ट अशी की हा बँड बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर एकदाच पोचला, १९८९ च्या ‘डॉक्टर फीलगुड’नं, आणि तो अल्बम चौघांनी नशामुक्त होऊन केला होता. बेधुंदीतून कला येते या लाडक्या समजुतीला याहून वाईट पुरावा सापडणार नाही. रॅट या बँडचा रॉबिन क्रॉस्बी २००२ मध्ये गेला, क्वायट रायटचा केव्हिन डुब्रो २००७ मध्ये, वॉरंटचा जॅनी लेन २०११ मध्ये एका मोटेलच्या खोलीत. तिघांचाही घात व्यसनानं केला.

शेवट कसा झाला, याची रूढ कथा सोपी आहे: २४ सप्टेंबर १९९१ ला सिअ‍ॅटलकडच्या निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला, जानेवारीत तो पहिल्या क्रमांकावर पोचला आणि सिअ‍ॅटलच्या फ्लॅनेलच्या शर्टांनी चामडी पँटींना घरी पाठवलं. कालक्रम बरोबर आहे, पण आजार आधीचा होता. कंपन्यांनी एका पॉयझनच्या जागी दहा पॉयझन करारबद्ध केले होते. १९८८ च्या डिसेंबरात पॉयझनचं संथ, अकूस्टिक गाणं देशात पहिलं आलं आणि मग प्रत्येक बँडला तसलंच एक रडकं गाणं द्यावं लागलं. स्ट्रिपवरूनच निघालेल्या गन्स एन’ रोझेसनं १९८७ च्या पहिल्या अल्बममध्ये या शहराचं इतकं घाणेरडं, भुकेलं चित्र काढलं होतं की बाकीच्यांचा मेकअप तेव्हाच खोटा दिसू लागला.

आपल्याकडचा हिशेब वेगळा. मुंबईत रॉक मशीन हा बँड १९८४ मध्ये उभा राहिला, इंडिपेंडन्स रॉक हा संगीत महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला आणि धोबीतलावचं रंगभवन हे त्या गर्दीचं घर झालं. पण स्ट्रिपचे हे चेहरे बहुतेकांनी पाहिले ते स्टार वाहिन्यांबरोबर एमटीव्ही घरात आल्यावर, म्हणजे १९९१ नंतर. तिकडे दुकान बंद होत असताना इकडे पुणे-मुंबईच्या होस्टेलांत ॲक्सल रोजची पोस्टरं लागत होती. त्यामुळे इथला चाळिशी-पन्नाशीतला माणूस ‘एटीज रॉक’ म्हणतो, तेव्हा त्याला खरं तर स्वतःचं नव्वदीतलं कॉलेज आठवत असतं. गन्स एन’ रोझेस मुंबईत आले ते डिसेंबर २०१२ मध्ये, मूळ गिटारवादक स्लॅशविना. स्लॅशसह आले ते मे २०२५ मध्ये, महालक्ष्मी रेसकोर्सवर.

नव्वदीत ही मंडळी अमेरिकेतही चेष्टेचा विषय होती. आठवणीला भाव यायला सुरुवात झाली ती दशकाच्या शेवटी, व्हीएच१ वाहिनीवरच्या बँडांच्या चरित्रमालिकेमुळे. २००१ मध्ये मॉटली क्रूचं आत्मचरित्र आलं. त्याच सुमारास स्टील पँथर हा विडंबन करणारा बँड स्ट्रिपवरच गर्दी खेचू लागला. लोक हसायला येत आणि गाणी तोंडपाठ म्हणत. ‘रॉक ऑफ एजेस’ हे संगीत नाटक २००५ मध्ये हॉलिवूडच्या एका क्लबात झालं, २००९ मध्ये ब्रॉडवेला गेलं आणि २०१५ पर्यंत चाललं. २०१२ पासून मॉन्स्टर्स ऑफ रॉक नावाची क्रूझ निघते: भर समुद्रात बँड, बार आणि पन्नाशीचे प्रवासी. आता पैसे प्रेक्षक भरतो. ॲक्सल आणि स्लॅश २०१६ मध्ये पुन्हा एकत्र उभे राहिले, त्या दौऱ्यानं ५८ कोटी डॉलरहून अधिक जमवले. ऐन बहरात यातल्या कोणालाही एका दौऱ्यातून एवढे मिळाले नव्हते.

सगळ्यांच्या वाट्याला स्टेडियम येत नाही. मधल्या फळीतले बँड छोट्या शहरांच्या क्लबांत जुनीच गाणी वाजवत फिरतात. २० फेब्रुवारी २००३ ला ऱ्होड आयलंडमधल्या द स्टेशन या क्लबात ग्रेट व्हाइटचा असाच एक कार्यक्रम होता. पहिल्याच गाण्याला मंचावर उडवलेल्या ठिणग्यांनी भिंतीच्या फोमनं पेट घेतला आणि १०० माणसं गेली. जुन्या थाटातली आतषबाजी, तीही बुटक्या छताखाली.

स्ट्रिपवर आज व्हिस्की, रॉक्सी आणि रेनबो चालू आहेत. टॉवर रेकॉर्ड्सचं दुकान २००६ मध्ये गेलं, हाउस ऑफ ब्लूज हा क्लब २०१५ मध्ये. नावांचे धंदे मात्र तेजीत, आणि भांडणंही त्यांचीच. ग्रेट व्हाइटचे काही काळ दोन बँड फिरत होते, एक मूळ गायकाचा आणि एक उरलेल्यांचा. एल. ए. गन्सचंही तेच. गिटारवादक ट्रेसी गन्सचं हे आडनाव १९८५ मध्ये हॉलिवूड रोज या बँडशी जोडलं गेलं आणि त्यातून गन्स एन’ रोझेस हे नाव तयार झालं. ट्रेसी त्या बँडमधून लवकरच बाहेर पडला. पुढं त्याला एल. ए. गन्स या नावासाठी आपल्याच जुन्या ड्रमरशी न्यायालयात लढावं लागलं. शेवटी तडजोड झाली आणि ड्रमरनं आपल्या बँडच्या नावाआधी स्वतःचं आडनाव लावलं.