आभासी मोबाईल सेवा (एमव्हीएनओ)

स्वतःचे टॉवर आणि स्पेक्ट्रम (सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओलहरी) नसताना मोठ्या कंपनीच्या नेटवर्कवरून आपल्या नावाने मोबाईल सेवा विकण्याची पद्धत. अशी कंपनी मिनिटे आणि डेटा घाऊक दराने घेते. सिमकार्ड, प्लॅन, बिल आणि ग्राहकसेवा मात्र तिची स्वतःची असते. स्पेक्ट्रमचा लिलाव आणि टॉवरची देखभाल यांचा भार नसल्याने तिला दर कमी ठेवता येतात. काही कंपन्या ग्राहकनोंदीची आणि कॉल वळवण्याची मध्यवर्ती यंत्रणा स्वतः उभारतात, म्हणून यजमान कंपनी, म्हणजे जिचे नेटवर्क वापरायचे ती, बदलणे त्यांना सोपे जाते. केवळ विक्री करणाऱ्या कंपन्या पूर्णपणे यजमानाच्या हाती असतात.

जिथे यजमानाची रेंज नाही तिथे आभासी कंपनीचीही नसते. गर्दीत काय होते, हे करारावर ठरते. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर लाखो फोन एकाच वेळी मोजक्या टॉवरवर येतात. अशा क्षणी यजमान स्वतःच्या ग्राहकांना आधी वाट देऊ शकतो आणि स्वस्त सिमवाल्यांचा डेटा मंदावतो. अमेरिकेतल्या अनेक स्वस्त प्लॅनच्या अटींत हे लिहिलेले असते. मुलांकडे अमेरिकेला जाणारे पुण्यातले आईवडील तिथे मिंट मोबाईलचे सिम घेतात तेव्हा नेटवर्क टी-मोबाईलचे असते; 2024 मध्ये टी-मोबाईलने मिंट विकतच घेतली. ब्रिटनमध्ये गिफगाफ ही आभासी सेवा ओटू कंपनीच्या नेटवर्कवर चालते. म्हणून सिम घेताना दराआधी यजमान कोण ते विचारावे, आणि मुक्कामाच्या गावी त्या यजमानाची रेंज पाहावी.

भारतात 2008 मध्ये व्हर्जिन मोबाईल टाटा टेलिसर्व्हिसेसच्या नेटवर्कवर आली. तेव्हा आभासी सेवेसाठी परवानाच नव्हता, त्यामुळे व्यवहार ब्रँड वापरण्याच्या कराराचा ठरला. स्वतंत्र परवाना 2016 मध्ये आला. पण नेटवर्क देण्याची सक्ती मोठ्या कंपन्यांवर नाही. सगळे परस्पर करारावर सोडले आहे. मोबाईल सेवेची सर्कल, म्हणजे क्षेत्रे, हीही वेगवेगळी: पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये येते, मुंबईचे सर्कल निराळे. परवाना आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आली आणि किरकोळ दरच इतके कोसळले की घाऊक घेऊन स्वस्तात विकायला फरक उरला नाही. पुण्यातल्या दुकानात आजही रिचार्ज म्हटले की मोठ्या कंपन्यांचीच नावे निघतात. सक्ती नसणे हे यामागचे मोठे कारण मानावे लागते: आपल्याच ग्राहकांवर डोळा असलेल्याला कोण आपणहून जागा देईल?

उसन्या नेटवर्कला खरा वाव यंत्रांच्या जोडणीत दिसतो. बस-टॅक्सींचा माग ठेवणाऱ्या उपकरणांसाठीचे एआयएस-140 हे मानक पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रकाशित केले असून त्यात उपकरणात कायम बसवलेले सिम अपेक्षित आहे. अशा उपकरणाच्या पुरवठादाराकडे टॉवर नसतो. तो मोठ्या कंपन्यांचीच जोडणी घेतो. एका कंपनीची रेंज गेली तर दुसरीकडे वळणारे सिमही मिळते. घाटात ही सोय फार मोलाची आहे, कारण बसमधले आपत्कालीन बटण दाबले तर संदेश त्याच जोडणीवरून जायचा असतो.