मिट्या म्हणजे कोण?

भिलारला जाऊन रशियन कादंबरी वाचणं म्हणजे तसा आगाऊपणाच. सातारा जिल्ह्यातलं हे स्ट्रॉबेरीचं गाव 2017 पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली, आणि मी पिशवीतून दोस्तोयेव्हस्कीची 1880 सालची ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ काढून बसलो. तासाभरात वीसेक पानं झाली, त्यातली निम्मी दुसऱ्यांदा. दिमित्री फ्योदोरोविचचा मध्येच मिट्या होतो, अलेक्सेईचा अल्योशा.

वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग पुढची उडी. उडी चालू असताना जवळपास काहीच दिसत नाही. तरबेज वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या उलट्या, मागच्या शब्दांकडे असतात. मजकूर अवघड झाला की थांबे लांबतात आणि या उलट्या उड्या वाढतात. भरभर वाचायला शिकवणारे सांगतात, मागे जाऊ नका. 2014 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते करूनच पाहिलं. पडद्यावरचे वाचून झालेले शब्द लगेच झाकून टाकले. मागे बघता येईना, आणि वाक्यांचा अर्थही कमी लागला.

खरी अडचण जागेची असते. चालू विचार धरून ठेवणाऱ्या स्मृतीत एका वेळी चारेक गोष्टीच मावतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी 2001 मध्ये मांडलं. नवख्याला दिमित्री आणि मिट्या ही दोन माणसं वाटतात. सरावल्यावर एकच, म्हणजे एक जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेतच मग बोलण्यातला खवचटपणा कळायला लागतो.

आपल्याला तर हे जड जायलाच नको. फ्योदोरोविच म्हणजे फ्योदोरचा मुलगा, आणि बापाचं नाव मध्ये लावायची रीत आपलीही. माझे चुलते सातबाऱ्यावर रामचंद्र, घरात बापू, तालमीत रामभाऊ, आणि आजी चिडली की राम्या. गोंधळ कुणाचाच होत नाही. चारही नावांमागे एकच मिशी.

साहित्यिक कथा वाचली की दुसऱ्याचं मन लगेच जास्त नीट ओळखता येतं, असा निष्कर्ष 2013 मध्ये बराच गाजला. 2016 मध्ये तीच चाचणी जास्त लोकांवर केली तेव्हा तो टिकला नाही. त्यामुळे तसलं आमिष मी दाखवणार नाही. माझ्यापुरतं सांगायचं, तर नावांची चिठ्ठी केली होती, ती दोनशेव्या पानाच्या आसपास नुसती खुणेपुरती उरली.

घरी बापूंनी ती उचलून पाहिली. “कुणाची भावकी रं ही? वाटणीवरनं बिनसलंय का?”

वाटणीवरूनच बिनसलं होतं, बापाचं आणि थोरल्या लेकाचं.