खिडकीतले ‘जेड’ रात्री काय करते?

महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांमध्ये ‘जेड’ या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. त्यांपैकी पहिली क्रॅस्युला ओव्हाटा. हिची पाने जाड, तुकतुकीत, समोरासमोर येणारी आणि 3 ते 9 सेंटिमीटर लांब असतात, आणि वय वाढेल तसे खोड लहानशा वृक्षाच्या बुंध्यासारखे फुगत जाते. दुसरी पोर्ट्युलाकारिया आफ्रा. हिची पाने नखाएवढी व गोलसर, फांद्या बारीक आणि तांबूस असतात. बोन्साय करणाऱ्यांची ती विशेष आवडती आहे. आपल्याकडच्या घरांत आणि कार्यालयांत दिसते ते ‘जेड’ बहुधा हे दुसरे असते. दोन्ही वनस्पती मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडील कोरड्या, काटेरी झुडुपांच्या प्रदेशातल्या आहेत. दोन्हींच्या पानांत पाणी साठवलेले असते, म्हणून त्यांना मांसल वनस्पती म्हणतात. तरीही त्या एका कुळातल्या नाहीत, आणि घरात वाढवताना हा फरक थोडाफार जाणवतो.

पान जाड आहे म्हणून झाड पाण्यावाचून टिकते, एवढेच स्पष्टीकरण सहसा दिले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. साठवलेले पाणी उडून जाऊ न देणे हा त्याहून मोठा प्रश्न असतो. प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पतीला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो घेण्यासाठी पानांवरची सूक्ष्म पर्णरंध्रे उघडावी लागतात, आणि रंध्रे उघडली की आतले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. गहू, भात, आंबा, गुलाब यांसारख्या नेहमीच्या वनस्पती 1 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी गमावतात. क्रॅस्युलासारख्या वनस्पतींचे हेच काम 50 ते 100 ग्रॅमांत भागते, कारण त्या आपली रंध्रे दिवसा मिटून घेतात आणि हवा थंड व दमट झाल्यावर, म्हणजे रात्री, उघडतात.

या प्रकाराचा एक जुना आणि फार सुंदर पुरावा भारतातून गेलेला आहे. मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी आपल्या बागेतल्या पानफुटीची पाने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी पान चांगलेच आंबट लागे, दुपारपर्यंत त्याची चव जवळजवळ नाहीशी होई आणि संध्याकाळी ते किंचित कडवट लागे. हे निरीक्षण त्यांनी पत्राने लंडनला कळवले आणि लिनिअन सोसायटी या निसर्गविज्ञानाच्या संस्थेच्या नियतकालिकात ते 1815 साली छापले गेले. पानफुटी म्हणजे तीच वनस्पती, जिचे पान पुस्तकात ठेवले तरी कडेच्या खाचांतून रोपे फुटतात. ती क्रॅस्युलाच्याच कुळातली आहे. हाइन यांच्याजवळ मोजमापाची साधने नव्हती, पण त्यांच्या जिभेने टिपलेला आंबटपणा खरा होता, आणि त्यामागचे रसायन उलगडायला पुढे शंभरहून अधिक वर्षे लागली.

ते रसायन थोडक्यात असे आहे. रात्री उघड्या रंध्रांतून आलेला कार्बन डायऑक्साइड लगेच वापरता येत नाही, कारण त्यासाठी लागणारी ऊर्जा सूर्यप्रकाशातून मिळते. म्हणून वनस्पती त्याला मॅलिक आम्लाच्या रूपात बांधते आणि पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या कप्प्यात, भरून ठेवते. आंबट सफरचंदाला चव देणारे आम्ल हेच. पहाटेपर्यंत पान आम्लाने भरते. उजाडले की रंध्रे मिटतात, आम्लाचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड पानाच्या आतच मोकळा होतो आणि बंद दारांआड प्रकाशसंश्लेषण सुरू होते. क्रॅस्युलेसी कुळावरून या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘कॅम’ (क्रॅस्युलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम) असे नाव पडले, पण कोरफड, निवडुंग, अननस आणि अनेक ऑर्किडेही तिचाच अवलंब करतात.

पोर्ट्युलाकारियाची गोष्ट अधिक मजेदार आहे. पाणी भरपूर असेल तेव्हा ती साध्या वनस्पतीप्रमाणे दिवसा रंध्रे उघडते आणि बऱ्यापैकी वेगाने वाढते. पाणी तुटले की काही दिवसांत रात्रपाळीवर जाते. दक्षिण आफ्रिकेत तिला स्पेकबूम म्हणतात, तिची आंबूस पाने माणसे खातात आणि हत्तींचे तर ते आवडते खाद्य आहे. क्रॅस्युलाचे पान मात्र खाण्याचे नाही, आणि कुत्र्या-मांजरांच्या पोटात गेल्यास त्यांना उलट्या होऊ शकतात. घरात पाळीव प्राणी असतील तर आपले ‘जेड’ नेमके कोणते, हे पाहून ठेवणे बरे.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा निकाल लावला पाहिजे. रात्री रंध्रे उघडणाऱ्या वनस्पती रात्री प्राणवायू सोडतात, म्हणून त्या शयनगृहात ठेवाव्यात, असे संदेश सर्वत्र फिरत असतात. रात्री या वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरे आहे; परंतु प्राणवायू पाण्याच्या विघटनातून निर्माण होतो आणि त्या विघटनाला प्रकाश लागतो. अंधारात तो तयार होतच नाही. खोलीची हवा शुद्ध करण्याचा दावाही असाच फुगवलेला आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, इमारतीत सहज होणाऱ्या हवेच्या येण्याजाण्याशी बरोबरी करायची असेल तर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे 10 ते 1000 कुंड्या ठेवाव्या लागतील. झाड आवडते म्हणून ठेवावे. खिडकी उघडण्याचे काम त्याच्याकडे सोपवू नये.

आता प्रत्यक्ष संगोपनाकडे वळू. रात्री आम्ल तयार करण्यासाठी वनस्पतीला कच्चा माल लागतो, आणि तो दिवसा साठवलेल्या पिष्टमय पदार्थातून येतो. दिवसा प्रकाश कमी पडला तर पिष्ट कमी, पिष्ट कमी तर रात्रीची साठवण कमी, आणि पुन्हा दुसऱ्या दिवसाचे अन्नही कमी, अशी साखळी घरातल्या मंद उजेडात सुरू होते. आपले डोळे या बाबतीत फसवे असतात. उघड्यावर भर उन्हात सुमारे एक लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) इतका प्रकाश असतो, तर खिडकीपासून काही पावले आत तो अनेकदा काही शे लक्सवर येतो. आपल्या बाहुल्या मोठ्या होतात आणि खोली ‘छान उजेडाची’ वाटते, पण झाडाच्या दृष्टीने ती जवळजवळ संध्याकाळ असते. फांद्यांवरची दोन पेरांमधली अंतरे वाढणे, शेंडा खिडकीकडे झुकणे, नवी पाने लहान व फिकट येणे ही प्रकाश कमी पडत असल्याची लक्षणे आहेत. लांबलेले पेर नंतर आखूड होत नाही. ते छाटावेच लागते. दोहोंपैकी पोर्ट्युलाकारियाला ऊन जास्त लागते, क्रॅस्युला थोड्या कमी उजेडातही तग धरते.

खिडकी निवडताना परदेशी पुस्तकांचा सल्ला तसाच्या तसा उचलू नये. युरोपात दक्षिणेची खिडकी वर्षभर उत्तम मानली जाते. मुंबई सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर येते. मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. या काळात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे थेट ऊन येत नाही, आणि वर छज्जा असेल तर एप्रिलमध्येही ते जेमतेम कठड्याला शिवते. म्हणून आपल्याकडे पूर्वेची खिडकी सर्वांत भरवशाची: सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन बाराही महिने मिळते. पश्चिमेचे ऊन एप्रिल-मे महिन्यांत तीव्र असते. घरात वाढलेले झाड एकदम त्यात नेले तर पानांवर करपल्याचे तपकिरी डाग पडतात, म्हणून आठ-दहा दिवसांत हळूहळू सवय करावी.

प्रकाशाच्या अभावाने झाड कुरूप होते; मरते मात्र बहुतेक वेळा पाण्याने. मुळांनाही श्वसन करावे लागते, आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून पोहोचतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. गुदमरलेली मुळे मरू लागतात आणि ओलसर मातीतल्या बुरश्या त्यांचा ताबा घेतात. गंमत अशी की मुळे कुजल्यावर पाणी वर चढत नाही, त्यामुळे पाने सुरकुततात, आणि आपण झाड तहानलेले आहे असे समजून आणखी पाणी घालतो. दोन्ही स्थितींत भेद करणे अवघड नाही. माती कोरडी आणि पाने सुरकुतलेली, तर पाणी हवे. माती ओली आणि पाने मऊ, पिवळट किंवा गळणारी, तर झाड कुंडीतून काढून मुळे तपासावीत.

‘आठवड्यातून एकदा’ हा नियम त्यामुळेच निरुपयोगी आहे. कुंडी किती मोठी, मातीची की प्लॅस्टिकची, पंखा चालतो की नाही, यांवर माती वाळण्याचा काळ ठरतो. बांबूची सळई तळापर्यंत खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली तरच पाणी घालावे, आणि घालताना खालच्या छिद्रातून वाहून जाईपर्यंत भरपूर घालावे. बशीत साचलेले पाणी फेकून द्यावे.

रोपवाटिकेतून आलेले रोप बहुधा चिकट लाल मातीत किंवा निव्वळ कोकोपीटमध्ये असते. लाल माती घट्ट बसते; कोकोपीट दिवसेंदिवस ओले राहते, आणि एकदा पूर्ण वाळले की पाणी शोषायला तयार होत नाही. निम्मी माती किंवा कंपोस्ट आणि निम्मे जाड कण, म्हणजे विटेचा चुरा, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा भरड वाळू, असे मिश्रण चांगले ठरते. वाळू बारीक असेल तर उलट परिणाम होतो, कारण बारीक कण पोकळ्या बुजवतात. कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि तिच्याविषयी मृदाशास्त्राचे मत स्पष्ट आहे: त्या थराने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतले पाणी केशाकर्षणाने धरलेले असते. वरची माती जवळपास पूर्ण भिजल्याखेरीज ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. परिणामी ओला पट्टा नाहीसा होण्याऐवजी वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. माती वाहून जाऊ नये म्हणून छिद्रावर एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवणे पुरेसे आहे. मातीच्या कुंडीच्या भिंतींतूनही पाणी झिरपून उडते, हा तिचा मोठा फायदा. चिनी मातीची चकचकीत, बिनछिद्राची भांडी या वनस्पतींसाठी घेऊ नयेत.

कोकण आणि घाटमाथ्याच्या परिसरात खरी परीक्षा पावसाळ्याची असते. हवेतली आर्द्रता सतत वरच्या पातळीवर असल्याने कुंडीतले पाणी उडत नाही, ढगांमुळे प्रकाश घटतो आणि झाडाची पाण्याची गरजही कमी होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुंडी पावसाच्या माऱ्यापासून आत घ्यावी, शक्य तितकी खिडकीला चिकटून ठेवावी आणि अधूनमधून पंख्याचा वारा लागू द्यावा. तीन आठवडे पाणी दिले नाही तरी काळजीचे कारण नसते. खत या काळात अजिबात देऊ नये. एरवीही वर्षातून दोन-तीनदा पातळ द्रवखत पुरते.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण असतात. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ते पुसून काढावेत, दर आठवड्याला पुन्हा पाहावे, आणि ती कुंडी काही दिवस इतरांपासून दूर ठेवावी.

छाटलेल्या फांद्या फेकून देण्याची गरज नाही. स्पेकबूमच्या मूळ प्रदेशात चरणाऱ्या हत्तींच्या तोंडून खाली पडलेल्या फांद्या जमिनीवरच मुळे धरतात. उजाड झालेल्या जमिनींवर झाडोरा परत आणण्यासाठी तिथे अशाच फांद्या लावल्या जातात. घरीही रीत तीच. बोटभर लांबीची फांदी कापावी, खालची पाने काढावीत आणि छेद वाळून त्यावर कोरडा पापुद्रा येईपर्यंत, म्हणजे पाच-सहा दिवस, सावलीत नुसती ठेवून द्यावी. ताजा छेद लगेच ओल्या मातीत गेला तर बुरशीला थेट वाट मिळते. नंतर ती किंचित ओलसर, भरड मिश्रणात रोवावी आणि पहिला आठवडाभर पाणी घालू नये; फांदीजवळ आपला साठा असतोच, आणि रंध्रे रात्रीपुरतीच उघडत असल्याने तो लवकर संपत नाही. यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे महिने उत्तम. तीन-चार आठवड्यांनी फांदी हलकेच ओढून पाहावी. ती अडली तर मुळे फुटली आहेत.