खोक्यातले अ‍ॅडव्हेंचर गेम

संगणकावरचे जुने साहसखेळ मूळ छापील खोक्यासह, म्हणजे फ्लॉप्या, पुस्तिका, नकाशे आणि आतल्या सगळ्या कागदपत्रांसह, मिळवून जपण्याचा आणि पुन्हा खेळण्याचा छंद. कोल्हापुरी बोलीत सांगायचे तर हा एक ‘नाद’ आहे. १९९०च्या दशकात कोल्हापुरात हे खेळ खेळलेल्या बहुतेकांनी खोके कधी पाहिलेच नव्हते. मित्राकडून कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून आणलेला खेळ, एवढीच त्यांची ओळख. त्यामुळे इथला संग्राहक आज शोधतो तो तेव्हा हाती न आलेला अर्धा खेळ.

विल क्राउदर यांनी १९७५-७६ मध्ये लिहिलेल्या आणि डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये वाढवलेल्या ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’वरून या प्रकाराला नाव मिळाले. त्यात चित्रे नव्हती. वर्णन वाचायचे आणि आज्ञा टाइप करायची. रॉबर्टा आणि केन विल्यम्स यांच्या ‘मिस्टरी हाउस’ने १९८० मध्ये चित्रे आणली.

खोक्याचे खरे महत्त्व इन्फोकॉम या कंपनीच्या ‘डेडलाइन’ने (१९८२) दाखवले. खुनाच्या तपासाचा सगळा मजकूर फ्लॉपीवर मावेना, म्हणून जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचे छायाचित्र आणि चक्क गोळ्यांची पुडी खोक्यात आली. पुढे हेच कागद नकलांविरुद्धचे कुलूप झाले. ‘किंग्ज क्वेस्ट ३’मधले (१९८६) मंत्र पुस्तिकेत पाहून अक्षरशः तसेच टाइप करावे लागत. ‘मंकी आयलंड’मध्ये (१९९०) पडद्यावर एका चाच्याचा चेहरा येई आणि अमुक बंदरात त्याला फाशी कधी दिली, असा प्रश्न विचारला जाई. सोबतची पुठ्ठ्याची दोन चाके फिरवून चेहऱ्याचे अर्धे भाग जुळवले की खिडकीत वर्ष दिसे. चकती नसलेला पोरगा तिथेच अडकायचा. कुणाकडे उत्तरांची झेरॉक्स असली तर सुटका. तीस वर्षांनी ती चकती स्वतःच्या हाताने फिरवण्यात जे सुख आहे, ते नुसत्या आठवणीत नाही.

आज खेळ चालवणे अवघड नाही. जुने खेळ चालवणाऱ्या स्कमव्हीएम (२००१) आणि डॉसबॉक्स (२००२) या प्रोग्रॅममुळे मूळ फाइली नव्या संगणकावर चालतात. काही खेळ विकतही मिळतात. अवघड आहे ते कागद आणि फ्लॉपीची चुंबकीय चकती टिकवणे. फ्लॉपीची चकती म्हणजे लोह-ऑक्साइडचा थर दिलेले प्लास्टिक. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या आवरणाला उघडी खाच असते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तिथून दमट हवा आत जाते आणि पांढरट बुरशी धरते. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर वाचनाचे हेड थर खरवडते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकती पुसायची, वाळवायची आणि पहिल्याच वाचनात पूर्ण प्रत काढून ठेवायची. यात घाई करूच नये. याच शहरात बाबूराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’ हा चित्रपट (१९२०) बनवला आणि त्याची प्रत आज उपलब्ध नाही, हे जाणणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

खोके उभे ठेवावे. एकावर एक रचल्यास खालचे चेपतात. आत सिलिका जेलची पुडी घालून ती पावसाळ्यात बदलत राहावी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीसह शहराच्या अनेक भागांत शिरले होते. नदीकडच्या भागात राहणाऱ्याने संग्रह तळमजल्यावर ठेवू नये, आणि कपाटाच्या खालच्या खणात तर नाहीच.